बारा मिनिटं

चावी द्यायची तर आधी नीट बसून घ्यावं लागे.
आत नऊ फुटांची कमान, गुंडाळी करून झोपलेली;
अंगठ्याने दीडशे वळसे दिले
की मगच उद्याचा दिवस सुरू.
"दमलात? द्या इकडे, उरलेले मी देतो,"
घोड्यांच्या ट्रामची वाट बघत अनोळखी माणसं म्हणत एकमेकांना.
वेस्ट हार्लोत त्यातून दोन लग्नंसुद्धा जमली, म्हणे.

किंमत साडेतीन डॉलर.
तबकडी कागदाची, भाग अठ्ठावन्न,
माणिक एकही नाही.
"माणकं बोटात घालावीत," असाहेल टटल सांगे,
"वेळेला काय करायचीत?"

त्याचा बाप कनेटिकटच्या टेकड्यांतून
पत्र्याची भांडी विकत हिंडलेला.
ऊन असलं की तास सांगायचा अचूक,
आभाळ आलं की गप्प.
गावात घड्याळं तीन:
पाद्र्याच्या पोटावर, डॉक्टरच्या पोटावर,
आणि गिरणीवाल्याच्या, सर्वांत मोठ्या, पोटावर.
बाकीच्यांनी टोपी काढायची आणि विचारायचं,
किती वाजले, साहेब?
ती टोपी असाहेलला सलत राहिली.
चाळिसाव्या वर्षी, नॉगटकच्या काठी,
पितळेच्या धुरात
त्याने कारखाना घातला तो त्या टोपीसाठी.

ड्रुसिला हॅच तपासणीच्या खोलीत.
दिवसाला साठ घड्याळं, साठांना चावी.
तिचा उजवा अंगठा बघून
तिची आई तिला सुतार म्हणायची.

ऑक्टोबरातला गुरुवार. नदीवर धुकं.
टेबलावर साठ घड्याळं एका सुरात म्हणाली, सहा.
घंटा झाली नाही.
सहा वाजून चार. सहा वाजून नऊ.
पोरी मान खाली घालून कामात.
बारा मिनिटं झाली तेव्हा घंटा झाली.
शुक्रवारी तेच. शनिवारी तेच.

सोमवारी ती वर गेली. टटलच्या टेबलावर
एप्रनमधून सात घड्याळं ओतली.
"एक खोटं बोलेल, साहेब. सात कशी बोलतील?"

टटल बराच वेळ खिडकीशी.
मुकादम लूमिसने जेवणाच्या सुट्टीत
भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा मागे ओढला होता,
हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं
ते हिशेबाच्या वहीत कुठेच नाही.
वहीत एवढंच आहे:
तीनशे माणसं, बारा मिनिटं, साठ तास रोजचे.
खाली दोनदा ओढलेली रेघ.

वेळ मारून नेणं कुणालाही जमतं,
घड्याळवाल्याला तर जमायलाच हवं.
"आपली घड्याळं पुढे पळतात," तो शेवटी म्हणाला.
"सावकाश करा."

अकराशे घड्याळं सावकाश केली.
अकरा तासांत बारा मिनिटं मागे,
कारखान्याच्या भिंतीला तंतोतंत जुळतील अशी.
ती गेली ओहायोला, आयोवाला,
कोटाबरोबर फुकट, तंबाखूच्या डब्याबरोबर फुकट,
आणि ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ खिशात घातलं
त्यांची गाडी चुकली.
वसंतात पार्सलं परत येऊ लागली.
एकात चिठ्ठी होती, पेन्सिलीने:
भावाच्या दफनाला पोचलो नाही.
घड्याळ परत घ्या. पैसे नकोत.

दोन वर्षांनी कारखान्याचे बारा वाजले.
लिलावात यंत्रं गेली, घंटा गेली,
भिंतीवरचं ते मोठं घड्याळ
एका शाळेने घेतलं.

असाहेलबद्दल शेवटचं जे सापडतं ते असं:
म्हातारपणी तो स्टेशनच्या बाकावर बसे,
खिशात घड्याळ नसे,
आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारी.
टोपी काढून.

ड्रुसिलाने मात्र एक घड्याळ
सावकाश न करता ठेवलं होतं, मोज्यात, घोट्याशी.
त्या मंगळवारनंतर, कारखाना होता तोवर,
घोट्यावर सहा वाजले की ती उठायची,
एप्रन खिळ्याला लावायची
आणि जिना उतरायची.
लूमिस ओरडायचा, घंटा झालेली नाही!
ती म्हणायची, होईल.